राहिलेलं टिंब

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. टर्नर ट्रेडचं दुसरं वर्ष अर्ध्यावर आलंय आणि तू विचारतोस, "काका, सीएनसी यूट्यूबवर शिकता येतं, प्रोग्रॅम एआय लिहून देतं, मग आयटीआयत कानस घासत कशाला बसू?"

कानस घासायचा कंटाळा मलाही यायचा. तरी सोडू नकोस.

कुपवाड एमआयडीसीत आमच्याकडे पहिलं सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं लेथ, आलं, तेव्हा मी साध्या लेथवर मुरलेला गडी. कोड पाठ केले आणि एका दुपारी 'एक्स ५०' पुढचं दशांशाचं टिंब द्यायचं राहिलं. टिंब नसलं की आमचा कंट्रोल आकडा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, वाचायचा. ५० मिलिमीटरवर थांबायचं टूल ०.०५ कडे सुटलं, तेही रॅपिडमध्ये, म्हणजे मशीनच्या सगळ्यात जास्त वेगात. टूलच्या टोकावरच्या कापणाऱ्या इन्सर्टचा चुरा झाला, कापायचा तुकडा, म्हणजे जॉब, त्याला धरणाऱ्या चकातून निसटला. मालक एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

आज एआय तो प्रोग्रॅम टिंबासकट लिहील. खुशाल लिहून घे, मीही घेतो. पण चकाचे जबडे किती पुढे आलेत, टूल किती बाहेर काढून बांधलंय, हे त्याला कुठं दिसतंय? म्हणून पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, म्हणजे प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवत, रॅपिड २५ टक्क्यांवर आणि बोट टूल थांबवणाऱ्या फीड होल्डच्या बटणावर.

दुसरी गोष्ट मापाची. परवा एक पोरगा माझ्याशी भांडत होता, स्क्रीनवर ५०.००० आहे म्हणून. मायक्रोमीटर लावला, ५०.०२. इन्सर्ट झिजला होता. टूल कुठं पाठवलं एवढंच स्क्रीन सांगते. जॉब किती आला ते मोजावं लागतं. ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेत दुरुस्ती, किती द्यायचा हे त्यानंतरचं. मायक्रोमीटरचा रॅचेट किती फिरवायचा, हे व्हिडिओ बघून बोटांना कळत नाही. ते कानस घासताना, चुकीचा जॉब भंगारात टाकतानाच कळतं.

व्हिडिओ बघूच नको असं नाही. आयआयटीवाल्यांचं एनपीटीईएल, म्हणजे ऑनलाइन लेक्चरं, २००३ पासून आहे, फुकट आहे. मशिनिंगची लेक्चरं इंग्रजीत आहेत. थांबवत थांबवत बघ. कटिंग स्पीड वाढवला की टूलचं आयुष्य का घटतं, हे मला वीस वर्षं नुसतं अनुभवानं माहीत होतं. कारण तिथं समजलं. जोडीला एक्सेल शीक. हल्ली इन्स्पेक्शन रिपोर्ट भरता आला नाही, तर चांगला ऑपरेटरही मशिनपाशीच राहतो.

रविवारी शॉपवर ये. मशीन रिकामं असतं. एआयनं लिहिलेला एखादा प्रोग्रॅम आण, कागदावर. आधी पेन्सिलीनं तपासू.

तुझा,
काका