‘ड्राइव्ह लेटर’ला मराठीत काय म्हणावे?

संगणकाच्या वापराची मराठी माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘ड्राइव्ह लेटर’ (विंडोजमध्ये ड्राइव्ह ओळखण्यासाठी दिलेले सी, डी असे अक्षर) यासाठी मराठीत कोणता शब्द योग्य ठरेल. त्यांच्या मसुद्यात एका पानावर ‘ड्राइव्ह पत्र’, दुसऱ्यावर ‘ड्राइव्हचे नाव’ आणि तिसऱ्यावर ‘ड्राइव्ह लेटर’ असे लिहिले गेले आहे. ‘असाइन’ या क्रियेसाठी ‘नियुक्त करणे’ लिहावे का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

माझे उत्तर ‘ड्राइव्हचे अक्षर’ असे आहे. ‘पत्र’ बाद करायला फार विचार लागत नाही; ‘लेटर’चे दोन अर्थ आहेत आणि त्यांतला टपालाचा अर्थ येथे चुकून उचलला गेला आहे. ‘वर्ण’ हा शब्दही काही जण सुचवतील, पण व्याकरणात वर्ण म्हणजे उच्चारलेला मूलध्वनी, आणि येथे तर पडद्यावर लिहिलेल्या, डोळ्यांनी वाचायच्या चिन्हाबद्दल आपण बोलत आहोत. ‘आद्याक्षरे’ म्हणताना आपल्या मनात जे असते तेच येथेही अभिप्रेत आहे. ‘ड्राइव्हाक्षर’ असा संधी मात्र करू नये, कारण इंग्रजी शब्दाला संस्कृत शब्द असा जोडला की वाचणारा अडखळतो आणि हाती काही लागत नाही.

खरा घोळ ‘नाव’ या शब्दामुळे होतो, आणि त्यावर जरा थांबले पाहिजे. विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्हला नाव आणि अक्षर अशा दोन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. नाव म्हणजे लेबल. ते आपण ठेवतो आणि ते त्या ड्राइव्हवरच लिहिले जाते. फॅट आणि एनटीएफएस या ड्राइव्हवर फायली साठवण्याच्या दोन पद्धती आहेत; फॅटवर ते जास्तीत जास्त 11 चिन्हांचे आणि एनटीएफएसवर 32 चिन्हांचे असू शकते. अक्षर ड्राइव्हवर कोठेही लिहिलेले नसते. ते संगणक देतो आणि कोणत्या ड्राइव्हला कोणते अक्षर दिले याची नोंद आपल्याच रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींच्या साठ्यात), ‘माउंटेड डिव्हायसेस’ या ठिकाणी ठेवतो. म्हणूनच ‘छायाचित्रे’ असे नाव दिलेला पेनड्राइव्ह कोणत्याही संगणकाला लावला तरी ‘छायाचित्रे’च राहतो, पण एका संगणकावर तो ई असतो तर दुसऱ्यावर जी. नाव ड्राइव्हबरोबर प्रवास करते आणि अक्षर त्या त्या संगणकापुरते असते, हा भेद मराठी शब्दाने जपलाच पाहिजे.

तो जपला नाही तर काय होते, हे मी एकदा शेजारी बसून पाहिले आहे. सूचनापत्रात ‘ड्राइव्हचे नाव बदलून एफ करा’ असे लिहिले होते. वाचणाऱ्याने ड्राइव्हवर उजवी टिचकी दिली, ‘रीनेम’ निवडले आणि तेथे ‘एफ’ टाइप केले. ड्राइव्हचे लेबल ‘एफ’ झाले आणि त्यापुढच्या कंसातले अक्षर ई होते ते ईच राहिले. ज्या फायलींचे मार्ग (फाइल कोठे आहे हे सांगणारे पत्ते) एफ धरून लिहिले होते, त्या अर्थातच उघडल्या नाहीत. वाचणाऱ्याने सूचना शब्दशः पाळली होती. चूक सूचनेतल्या शब्दाची होती.

मुख्य हार्ड डिस्कचे अक्षर सी असते म्हणून मराठीत लिहिताना त्याला ‘क’ किंवा ‘ग’ म्हणावे, असे काही जण सुचवतात. ते मला पटत नाही, कारण विंडोज रोमन लिपीतली 26 अक्षरेच ओळखते आणि वापरणाऱ्याला पडद्यावर तेच अक्षर शोधायचे असते. सुरुवात ए ऐवजी सीपासून होण्याचे कारण जुन्या यंत्रांत आहे. 1981 साली आलेल्या आयबीएमच्या पीसीमध्ये जास्तीत जास्त दोन फ्लॉपी ड्राइव्ह बसत, त्यांना ए आणि बी ही अक्षरे होती. 1983 सालच्या पीसी एक्सटी या आयबीएमच्याच पुढच्या यंत्रामध्ये हार्ड डिस्क आली आणि तिला पुढचे मोकळे अक्षर मिळाले. फ्लॉप्या गेल्या, तरी हा क्रम राहिला.

आता क्रियापदांकडे वळतो. ‘नियुक्त करणे’ हे माणसांच्या नेमणुकीला शोभते. अक्षर ‘देणे’ आणि ‘बदलणे’ एवढे साधे मराठी येथे पुरेसे आहे. अक्षर ‘काढणे’ या तिसऱ्या क्रियेला मात्र जपावे लागते. डिस्क मॅनेजमेंट या विंडोजच्या ड्राइव्ह सांभाळण्याच्या साधनामध्ये अक्षर काढण्याची सोय आहे आणि त्याच उजव्या टिचकीच्या यादीत ‘डिलीट व्हॉल्यूम’ हाही पर्याय आहे. अक्षर काढल्याने फायलींना धक्का लागत नाही, ड्राइव्ह फक्त फाइल एक्सप्लोररमधून दिसेनासा होतो आणि अक्षर पुन्हा दिले की परत दिसतो. दुसऱ्या पर्यायाने तो विभागच, आतल्या मजकुरासकट, नाहीसा होतो. पुस्तिकेत ‘ड्राइव्ह काढून टाका’ असे मोघम वाक्य गेले, तर भाषेच्या एका ढिलाईपायी कोणाची तरी अनेक वर्षांची कागदपत्रे जातील. त्यामुळे ‘ड्राइव्हचे अक्षर काढा’ असेच, ‘अक्षर’ हा शब्द न गाळता, प्रत्येक वेळी लिहावे, मग पुनरुक्ती झाली तरी चालेल.

लिपीचाही एक प्रश्न येथे येतो आणि तो विचारला गेला नसला तरी सांगतो. अक्षरापुढे अपूर्णविराम देण्याची संगणकाची रीत आहे. देवनागरीत तो तसाच दिला की ‘डी:’ असे दिसते आणि अपूर्णविराम व विसर्ग यांत फरक करणे डोळ्यांना अवघड जाते. ‘दु:ख’ असे अपूर्णविराम घालून लिहिण्याची सवय तर आपल्याकडे आधीच फोफावली आहे. म्हणून मराठी वाक्यात ‘डी ड्राइव्ह’ एवढेच लिहावे, आणि जी आज्ञा वापरणाऱ्याला जशीच्या तशी टाइप करायची आहे ती स्वतंत्र ओळीत रोमन लिपीत द्यावी.

लिंगाबाबत मी ‘तो ड्राइव्ह’ आणि ‘ती डिस्क’ असे लिहितो. ‘सी ड्राइव्ह भरली’ असेही पुष्कळ जण म्हणतात आणि ते चूक नाही, पण एका पुस्तिकेत एकच लिंग ठेवावे.

मसुद्यातले ‘नवीन ड्राइव्हला ड्राइव्ह पत्र नियुक्त करा’ हे वाक्य मी असे लिहीन: ‘नवीन ड्राइव्हला मोकळ्या अक्षरांपैकी एक अक्षर द्या; ज्या ड्राइव्हवर प्रोग्रॅम बसवलेले आहेत त्याचे अक्षर बदलू नका, कारण त्या प्रोग्रॅमचे मार्ग जुन्याच अक्षराने नोंदलेले असतात.’