बागेतील औषधी वनस्पती : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांत घरच्या बागेतील औषधी वनस्पतींविषयीचे प्रश्न सर्वाधिक होते. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. प्रत्येक उत्तरात वनस्पती कोणती, तिचा कोणता भाग, तो कोणत्या रूपात आणि कोणासाठी, या चार गोष्टींकडे विशेष लक्ष दिले आहे, कारण घरगुती उपचारांत होणारा अपाय बहुधा यांपैकी एखाद्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतो.

प्रश्न : कुंडीतील कोरफडीचे पान कापून त्याचा गर मी रोज सकाळी घेतो. तेव्हापासून पोटात कळ येऊन जुलाब होतात. शरीर शुद्ध होत असल्यामुळे असे होते, असे मला सांगण्यात आले. ते खरे आहे का? आणि भाजल्यावर हाच गर लावावा का?

उत्तर : हे शरीर शुद्ध होत असल्याचे लक्षण नाही. गराबरोबर आपल्या पोटात कोरफडीचा चीक जात असावा, आणि तो चीक तीव्र रेचक आहे. एक पान आडवे कापून त्याचा काप नीट पाहावा. मधोमध रंगहीन, बुळबुळीत गर असतो आणि हिरव्या सालीच्या आतल्या कडेने थोड्याच वेळात पिवळसर थेंब उमटू लागतात. हे थेंब अतिशय कडू असून त्यांना उग्र वास येतो, आणि हवा लागली की त्यांचा रंग गडद होत जातो. हाच चीक आटवून सुकवला म्हणजे काळा बोळ तयार होतो, जो परंपरेने बद्धकोष्ठावर आणि मासिक पाळी साफ होण्यासाठी दिला जात असे. त्यातील अ‍ॅलोइन हे द्रव्य मोठ्या आतड्याला चेतवते. त्यामुळे कळ येते, जुलाब होतात, आणि हे बरेच दिवस चालले तर शरीरातील पोटॅशियम घटून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. लघवी वाढवणाऱ्या किंवा हृदयरोगावरील काही गोळ्या चालू असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. कोरफडीच्या चिकाच्या सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा उत्पादकांनी सादर न केल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून तो वगळण्यास सांगितले.

गर आणि चीक एकाच पानात असले, तरी त्यांचे गुण अगदी वेगळे आहेत. कोरफडीविषयी इतकी उलटसुलट मते ऐकू येतात, त्याचे मूळ मला या भेदाकडे होणाऱ्या दुर्लक्षात दिसते. पान कापल्यावर ते कापलेली बाजू खाली करून भांड्यात उभे ठेवावे, चीक निथळू द्यावा, मग साल जाडसर सोलून गर वेगळा करावा आणि तो स्वच्छ पाण्याने धुवावा. एवढे करूनही चिकाचा अंश राहू शकतो, म्हणून आपल्यासारखा त्रास होत असेल तर कोरफड पोटात घेणे थांबवणेच योग्य. गर्भवती स्त्रियांनी, स्तनपान देणाऱ्या मातांनी आणि लहान मुलांनी ती पोटातून घेऊच नये. कुंडीत शोभेसाठी लावलेल्या कोरफडीसारख्या दिसणाऱ्या सर्वच जाती खाण्यायोग्य नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

भाजल्यावर मात्र गराचा उपयोग होतो. परंतु त्याआधी भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. त्वचा नुसती लाल झाली असेल तर धुतलेला गर लावल्याने दाह कमी होतो. फोड फुटला असेल, त्वचा पांढरी किंवा काळी पडली असेल, किंवा चेहरा, हात अथवा सांध्याचा भाग भाजला असेल, तर काहीही न लावता डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : तुळस, गवती चहा, आले, अडुळसा हे सर्व एकत्र करून अर्धा तास उकळले तर काढा अधिक गुणकारी होतो का?

उत्तर : होत नाही, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आयुर्वेदात वनस्पतीतील गुण पाण्यात उतरवण्याच्या वेगवेगळ्या रीती सांगितल्या आहेत. कठीण साल, मूळ किंवा खोड असेल तर त्याची भरड सोळापट पाण्यात मंद आचेवर उकळून आटवतात. तो क्वाथ, म्हणजेच आपला काढा. सुगंधी पाने आणि फुले यांवर उकळते पाणी ओतून, झाकून ठेवून, थोड्या वेळाने गाळून घेतात; तो फांट. उष्णता अजिबात सोसत नाही असे द्रव्य थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळतात, तो हिम. यांखेरीज ताज्या पानांचा पिळून काढलेला स्वरस आणि वाटून केलेला कल्क आहेच. कोणते द्रव्य कोणत्या रीतीने घ्यावे, हे त्या द्रव्याच्या स्वभावावर ठरते.

तुळशीतील युजेनॉल आणि गवती चहातील सिट्रल ही सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. स्वयंपाकघरभर सुवास दरवळतो तेव्हा तो भांड्यातून निघून गेलेला असतो. त्यामुळे या पानांचा फांट करावा आणि भांड्यावर झाकण ठेवावे; दहा मिनिटे पुरेशी होतात. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पुन्हा भांड्यात पडू द्यावेत, कारण त्यांतही सुगंधी तेल असते. आल्याचे काप आधी पाच-सात मिनिटे उकळून, आच बंद केल्यावर त्यात तुळस घातली तर दोन्हींचा गुण टिकतो. अडुळसा यात मिसळू नये; त्याविषयी पुढे लिहिले आहे.

उष्णतेने किती फरक पडतो याचे आधुनिक काळातील मोठे उदाहरण चीनमधील आहे. हिवतापावर औषध शोधताना तू यूयू या संशोधिकेला चिंगहाओ या वनस्पतीच्या अर्काचा गुण कधी दिसत असे, तर कधी नाही. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील एका चिनी वैद्यकग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस प्यावा असे सांगितले होते. उकळण्याचा उल्लेख त्यात नव्हता. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला उकळणारे इथर वापरून अर्क काढला, आणि १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील द्रव्य हाती आले. २०१५ साली त्यांना याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रश्न : तुळशीच्या पानात पारा असतो, म्हणून ते चावू नये, हे खरे आहे का?

उत्तर : नाही. पारा हे मूलद्रव्य आहे. कोणतीही वनस्पती ते स्वतः तयार करू शकत नाही, ती फार तर दूषित मातीतून ते शोषून घेईल. तेव्हा विचारायचे झाल्यास माती आणि पाणी स्वच्छ आहे का, हे विचारावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र तुळशीचा रस नियमित घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : आमच्या घरी आठ महिन्यांचे बाळ आहे आणि सुनेला पुन्हा दिवस गेले आहेत. दोघांनाही खोकला आहे. अडुळशाचा रस मधातून द्यावा का?

उत्तर : कृपया दोघांनाही देऊ नये. बाळाच्या बाबतीत पहिली हरकत मधाला आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. क्लॉस्ट्रिडियम बॉटुलिनम या जिवाणूचे बीजाणू मधात असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, परंतु तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून ते विष तयार करतात आणि त्याने स्नायू लुळे पडतात. मध उकळल्याने हे बीजाणू मरत नाहीत. या वयात खोकल्याबरोबर श्वास जलद चालत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. पुदिन्याचा अर्क किंवा मेन्थॉल असलेले मलम तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ लावू नये. त्याने श्वास अडकण्याची भीती असते.

सूनबाईंच्या बाबतीत हरकत अडुळशालाच आहे. त्याच्या पानातील व्हॅसिसिन हे द्रव्य कफ सोडवते, त्याचबरोबर ते गर्भाशयाचे आकुंचनही घडवू शकते. म्हणून गरोदरपणात अडुळसा वर्ज्य मानावा. अन्य निरोगी प्रौढांसाठी ही वनस्पती खरोखर मोलाची आहे. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध व्हॅसिसिनच्या रचनेवरूनच विकसित झाले, आणि आज सर्रास दिले जाणारे अ‍ॅम्ब्रोक्सोल हे त्याच ब्रोमहेक्झिनचे शरीरात होणारे रूपांतर आहे. अडुळशाच्या नुसत्या वाटलेल्या पानांतून रस फारसा सुटत नाही. त्यामुळे पाने गुंडाळून वाफवून मग पिळण्याची जुनी रीत आहे आणि तीच सोयीची आहे.

प्रश्न : सदाफुलीची पाच पाने रोज चावून खाल्ल्याने मधुमेह बरा होतो, असे कळले. शिवाय याच झाडापासून कर्करोगाचे औषध करतात. तर मग ही पाने खाण्यास हरकत काय?

उत्तर : हरकत कर्करोगाच्या त्या औषधांमुळेच आहे. कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकांकडे १९५२ साली जमैकाहून सदाफुलीची पाने आली, ती मधुमेहावरील लोकौषध म्हणूनच. त्यांनी आणि चार्ल्स बिअर यांनी उंदरांवर प्रयोग केले तेव्हा पोटातून दिलेल्या अर्काने रक्तातील साखर उतरली नाही. परंतु ज्या उंदरांना अर्क टोचला होता ते जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्या होत्या. त्या शोधातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध पुढे आले आणि नंतर व्हिनक्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिनने असंख्य जीव वाचवले आहेत. हे औषध रुग्णालयात, शरीराच्या मापानुसार अतिशय सूक्ष्म मात्रेत, केवळ शिरेतून दिले जाते, आणि तरीही मज्जातंतूंवर होणाऱ्या परिणामांवर लक्ष ठेवावे लागते. सदाफुलीत अशी शंभराहून अधिक अल्कलॉइडे, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करणारी नैसर्गिक द्रव्ये, आहेत आणि कोणत्या पानात कोणते किती, हे घरी कळण्याचा मार्ग नाही. पाने खाऊन कर्करोग बरा होणार नाही, कारण उपयुक्त द्रव्य त्यांत अत्यल्प असते. मात्र उलट्या, रक्तपेशींची घट आणि मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका उरतोच. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून यावर विसंबणे तर मुळीच करू नये. सदाफुली बागेत जरूर असावी. ती खाऊ नये.

प्रश्न : आमच्या कुंपणावरची वेल गुळवेलच आहे, हे कसे ओळखावे? ती रोज घेतली तर चालते का?

उत्तर : गुळवेलीची पाने हृदयाच्या आकाराची असतात, परंतु तशीच पाने इतर अनेक वेलींनाही असतात, त्यामुळे खोड पाहावे. गुळवेलीच्या जून खोडाची साल पातळ कागदासारखी सुटते आणि आतला भाग हिरवा दिसतो. तिच्याच कुळातील टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीच्या खोडावर ठळक, दाट गाठी असतात. ही दुसरी वेल यकृताला अपाय करते, असे आढळले आहे. खात्री नसेल तर पान, खोड आणि शक्य असल्यास फूल घेऊन वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पटवून घ्यावी.

गुळवेल अनेक महिने सतत घेऊ नये. ती घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले, आणि त्यांत स्वप्रतिकारक विकारांची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा विकारांची, पार्श्वभूमी असलेले रुग्ण होते. ल्युपस, आमवात यांसारखे विकार असणाऱ्यांनी आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी ती टाळावी. घेत असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळसर दिसले किंवा भूक एकाएकी गेली, तर वेल बंद करून लगेच यकृताची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना गुळवेल घेतल्याचे न विसरता सांगावे.

प्रश्न : पाने वाळवून किती दिवस ठेवता येतात?

उत्तर : पाने सकाळी दव वाळल्यावर तोडावीत, सावलीत विरळ पसरून वाळवावीत आणि बोटांनी चुरली असता कुरकुरीत तुटू लागली की काचेच्या कोरड्या बरणीत भरावीत. बरणीवर वनस्पतीचे नाव आणि वाळवल्याची तारीख लिहावी, कारण वाळलेली पाने दिसायला सारखीच असतात. बुरशीचा वास आला तर संपूर्ण बरणी टाकून द्यावी. सुगंधी पाने वर्षभरात वापरावीत. चुरल्यावर मूळचा वास येत नसेल, तर ती त्याआधीही बाद समजावीत.