दादाची मेस आणि तुझा दुसरा ग्रुप

पत्र असं आहे: "ताई, मी २६ वर्षांची. गाव बार्शी तालुक्यात. बी.कॉम. करून हडपसरला एका कंपनीत अकाउंट्सला लागले. हातात २७ हजार येतात. दादा २९ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर. २०१९ पासून पुण्यात नवी पेठेत राहून एमपीएससी करतोय. दोनदा मेन्सपर्यंत गेला, एकदा अगदी थोडक्यात राहिला. त्याची कॉट, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज यातले महिन्याला ९ हजार मी देते, बाकीचे पैसे आमचे वडील, अण्णा, सोयाबीनच्या कमाईतून पाठवतात. सीएची मधली परीक्षा, इंटर, तिच्या दोन ग्रुपपैकी माझा एक निघालाय. दुसऱ्या ग्रुपला दोन वर्षं बसलेच नाही. पास झाले तर एखाद्या सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप करावी लागेल आणि त्या स्टायपेंडमध्ये दादाचे पैसे निघणार नाहीत. आता घरी माझ्या लग्नाचं बघतायत. मी पैसे थांबवले तर दादाचं आयुष्य मी बुडवलं असं होईल का? मी स्वार्थी आहे का? – एक बहीण, हडपसर."

प्रिय मुली,

नाही, तू स्वार्थी नाहीस. बाकी सगळं नंतर, हे आधी.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. "पास झाले तर." नापास होण्याची भीती वाटणारी पोरं मला रोज लिहितात. तू पास होण्याला घाबरतेस, कारण तुझ्या पास होण्याने दादाची मेस बंद पडेल असं तुला वाटतं. हे ओझं तुझ्यावर कोणी मुद्दाम टाकलेलं नाही, पण ते तुझ्यावर आहे आणि घरात त्याची कुठेच नोंद नाही. मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

पण आधी दादाची बाजू. तो आळशी नाही आणि वेडाही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारताविषयीच्या रोजगार अहवालात २०२२ चे आकडे आहेत: पदवीधर तरुणांमधली बेकारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. जो जास्त शिकला त्यालाच काम मिळेना, अशी परिस्थिती आहे. अशा वेळी सरकारी नोकरीकडे डोळे लागले तर नवल नाही. अर्थशास्त्रज्ञ कुणाल मंगल यांनी तर पुण्यात राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांवरच अभ्यास केला. पगाराच्या अपेक्षा काय आहेत, मुलं किती काळ टिकतात आणि कधी सोडून जातात, यावरून त्यांनी हिशेब मांडला की सरकारी नोकरीची या मुलांच्या लेखी जी एकूण किंमत आहे, तिच्यातला किमान दोन तृतीयांश भाग पगाराच्या पलीकडचा आहे. आणि ही किंमत गैरसमजातून आलेली नाही, असंही त्यांना आढळलं. कोरडवाहू जमिनीवर घर चालवणाऱ्या अण्णांना हे कोणी समजावून सांगायला नको. पाऊस पडो न पडो, एक तारखेला खात्यात पैसे जमा होणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? म्हणून दादाला "सोड ते खूळ" म्हणून काही होणार नाही. तू तसं म्हणूही नकोस.

आता दुसरी बाजू, आणि ही तुला दादासमोर मांडावी लागेल. याच संशोधकाने तमिळनाडूचा अभ्यास केला आहे. २००१ ते २००६ या काळात तिथल्या सरकारने बरीचशी भरती गोठवली होती. जागाच नाहीत म्हटल्यावर मुलं दुसरीकडे वळतील असं कोणालाही वाटेल. झालं उलटंच, मुलं तयारीत आणखी जास्त काळ अडकून राहिली. भरती पुन्हा सुरू झाल्यानंतर दहा वर्षांनी पाहिलं, तेव्हा ज्या पिढीला सगळ्यात जास्त झळ बसली होती तिची कमाई कमी निघाली, आणि तिचे स्वतःचे संसारही उशिरा उभे राहिले. "अभ्यास कधी वाया जात नाही" असं आपण सगळेच म्हणतो. मायेपोटी म्हणतो. पण परीक्षेसाठी केलेला अभ्यास दुसऱ्या नोकरीत आपोआप पैसा मिळवून देतो, असं त्या आकड्यांत दिसलं नाही.

दादाची बरीच वर्षं त्याच्या चुकीने गेलेली नाहीत, हे मला माहीत आहे. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली, तेव्हा शास्त्री रोडवर पोरं उतरली होती. २०२३ च्या सुरुवातीला मेन्सचा नवा वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं लिहून द्यायचा, पॅटर्न २०२५ पासून लागू करा म्हणून पुन्हा आंदोलन झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेची आणि आयोगाची परीक्षा एकाच दिवशी आली म्हणून परत तेच. आयोगाने तारीख बदलली की कॉटचं भाडं कोणी माफ करत नाही. चूक कोणाचीही असो, वर्ष दादाचं जातं, आणि थोडं तुझंही जातं.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्येच दाखवून दिलं होतं की शिक्षणाच्या खर्चात फी धरून भागत नाही, त्या काळात जी कमाई हुकते तीही धरावी लागते, आणि बहुतेक वेळा तोच मोठा आकडा असतो. एक वही घे. तुझे ९ हजार, वर्षाला १ लाख ८ हजार. त्याखाली लिही, दादा भोसरी-चाकणच्या कारखान्यात लागला असता तर त्याने किती कमावलं असतं. महिना २० हजार धर, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. अण्णांचे पैसे वेगळे. आणि त्याखाली एक रकाना तुझा. दुसऱ्या ग्रुपची दोन वर्षं म्हणजे सीए होणं दोन वर्षं पुढे गेलं, आणि सीए झाल्यानंतरचा पगारही तितकाच पुढे गेला. तुमच्या घरात पहिल्या रकान्यावर बोलणं होत असेल, दुसऱ्यावर क्वचित. तिसरा रकाना कोणी मनातही मांडलेला नाही. तूसुद्धा नाही, म्हणून तर "मी स्वार्थी आहे का" असं विचारतेस.

हे असं का होतं, यावर अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये जे लिहिलं ते मला फार पटतं. घरात कोणाच्या वाट्याला काय येतं हे फक्त कोण किती कमावतं यावर ठरत नाही. कोणाचं योगदान घराला *दिसतं*, आणि ती व्यक्ती स्वतःचं भलं कशात मानते, यावरही ठरतं. गावात विचारलं तर सांगतात, "मुलगा पुण्यात अधिकारी व्हायचा अभ्यास करतोय." तुझ्याबद्दल काय सांगतात? "ती कंपनीत जाते." त्या अभ्यासाचे पैसे कुठून येतात, हे वाक्यात कुठेच नाही. आणि वयाचं बघ. खुल्या गटाला आयोगाची मर्यादा ३८ वर्षांची, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे दादाला अजून किमान नऊ वर्षं दार उघडं आहे. तुझं दार मात्र येत्या लग्नसराईत लावून घ्यायची घाई चालली आहे.

काय करायचं ते सांगते. पैसे एकदम थांबवू नकोस. मेसचं कार्ड महिन्याच्या मधे बंद पडलं की माणूस अपमानाने पेटतो आणि मग खरं बोलणं होतच नाही. एखाद्या रविवारी नवी पेठेत जा, त्याला अभ्यासिकेतून खाली बोलव, चहा घ्या, आणि दोघंच बोला. फोनवर नको, अण्णांसमोर तर आत्ता मुळीच नको. वही सोबत ने. त्याला विचार की मेन्स वर्णनात्मक झाल्यापासून वेळ लावून पूर्ण पेपर किती लिहिलेस आणि कोणाकडून तपासून घेतलेस. हा प्रश्न रागाने विचारायचा नाही, पण उत्तर मिळेपर्यंत सोडायचाही नाही. बहुपर्यायी पेपरात बरोबर गोल काळा करण्याचा सराव आणि उत्तर लिहिण्याचा सराव यांत फरक आहे, हे त्यालाही ठाऊक आहे.

मग तारीख ठरवा. एक जाहिरात, एक पूर्ण फेरी, तिचा निकाल. तोपर्यंत तू निम्मे दे, साडेचार हजार, आणि निम्मे त्याने उभे करायचे. इंजिनिअर मुलगा आहे, संध्याकाळी दहावी-बारावीचं गणित-विज्ञान शिकवू शकतो. क्लासचे पेपर तपासून कितीतरी मुलं मेस भागवतात. निकालानंतर नोकरी. इथे एक गोष्ट त्याला नीट सांग, कारण मुलांना ती ऐकू येत नाही: नवी पेठ सोडणं म्हणजे एमपीएससी सोडणं नव्हे. वय हातात आहे, नोकरी करत फॉर्म भरता येतो. पूर्णवेळ फक्त अभ्यास करायचे दिवस संपवायचे आहेत, परीक्षा नाही.

बोलताना त्याच्याकडे नीट बघ. तो झोपत नसेल, जेवण टाकत असेल, मित्रांना टाळत असेल, "माझा काही उपयोग नाही" असं बोलत असेल, तर वही पिशवीतच ठेव. त्या दिवशी पैशांचं काढू नकोस. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. दोघं मिळून लावा आणि डॉक्टरांकडे तू सोबत जा.

उरलेले साडेचार हजार तुझे आहेत. घरखर्चात मिसळू देऊ नकोस. स्वतःच्या नावावर आरडी काढ, वर्षाला ५४ हजार होतात. दोन्ही ग्रुप झाल्यावर आता आर्टिकलशिप दोन वर्षांचीच आहे. त्या तुटपुंज्या स्टायपेंडच्या काळात हे पैसे तुझ्या खोलीचं भाडं भरतील. दुसऱ्या ग्रुपचा अभ्यास नोकरी सांभाळून होतो, कठीण आहे पण होतो. इंटरची परीक्षा आता वर्षातून तीनदा असते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. एक हुकली तर चार महिन्यांनी पुढची.

लग्नाबद्दल इतकंच, की जे स्थळ बघायला येईल त्याला पहिल्याच भेटीत सांग: दुसरा ग्रुप, मग दोन वर्षं आर्टिकलशिप. ज्याला हे चालत नसेल त्याने चहा पिऊन जावं. हे वाक्य अण्णांच्या तोंडून आलं तर उत्तम, म्हणून दादाशी ठरल्यावर दोघं मिळून गावी जा आणि अण्णांसमोर दादालाच बोलू दे. तुझ्या तोंडून "मी पैसे कमी करतेय" हे त्यांना मुलीने हात आखडल्यासारखं वाटेल. दादाने "मी आता निम्मे कमावतोय, तिला परीक्षा देऊ द्या" म्हटलं तर ते ऐकतील. हे अन्यायाचं आहे, मला कळतं. पण आत्ता आपल्याला तुझा ग्रुप काढायचा आहे.

दादा एका भेटीत हो म्हणेलच असं नाही. चिडेल, गप्प बसेल, दोन आठवडे फोन घेणार नाही. घेऊ दे वेळ. तुझ्या दुसऱ्या ग्रुपचा फॉर्म मात्र त्याच्या उत्तरासाठी थांबवू नकोस, पुढच्या परीक्षेची खिडकी उघडली की पहिल्या दिवशी भर.

तुझी,
ताई