भाजल्यामुळे कायमचं वाकलेलं बोट फ्लॅप सर्जरीने सरळ होतं का? नुसती कातडी लावून भागत नाही का?

भाजून आठ वर्षं झाली, अनामिका तळव्याकडे वाकून बसलीय आणि डॉक्टर फ्लॅप (जवळची जाड कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासकट वळवून लावणं) करायला सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. माझीही अनामिकाच होती. तोंड धुताना ते बोट डोळ्यात जायचं, हातमोजा कधी चढलाच नाही.

नुसत्या कातडीवर माझं भागलं नसतं. आखडलेला व्रण कापून बोट उघडलं की आतल्या बाजूला मोठी जागा रिकामी पडते आणि कधी कधी टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) उघडा पडतो. उघड्या टेंडनवर मांडीची पातळ कातडी धरत नाही, कारण तिला रक्त खालूनच मिळावं लागतं. जिथे धरते तिथेही ती पुढे आकसते. फ्लॅप मात्र आपली चरबी आणि रक्तपुरवठा घेऊनच येतो. (व्रणाची बारीक दोरी असेल आणि शेजारची कातडी चांगली असेल, तर झेड-प्लास्टी, म्हणजे Z आकाराचे छेद देऊन तिथलीच कातडी फिरवून व्रण लांबवणं, तेही पुरतं.)

माझ्या मधल्या बोटाच्या पाठीवरची कातडी तीन बाजूंनी सोडवून, वहीचं पान उलटावं तशी अनामिकेवर घातली. चौथी बाजू मधल्या बोटालाच जोडलेली, रक्त तिथूनच. मधल्या बोटावर वेगळी कातडी लावली. दोन्ही बोटं जवळजवळ ३ आठवडे अशी शिवलेली होती. झोपेत हात कुठे ठेवावा कळत नाही, वेणी घालणं, बटण लावणं सगळं दुसऱ्याकडून. अनामिकेकडून नवं रक्त सुरू झालं, मग जोड कापला. ते दिवस कसे काढायचे याची तयारी घरात आधीच करून ठेवा.

एक गोष्ट डॉक्टरांना नक्की विचारा: आडकाठी फक्त कातडीची आहे की सांध्याचीही? बोटाचा तळव्याजवळचा सांधा वाकवल्यावर मधला सांधा जास्त उघडतो का, हे ते बघतील. काहीच फरक पडत नसेल तर बहुधा सांधाही आखडलाय, आणि मग तोही मोकळा करावा लागतो. शिवाय वर्षानुवर्षं वाकलेल्या बोटाच्या रक्तवाहिन्याही आखूड झालेल्या असतात. एकदम ताणलं तर बोट पांढरं पडतं. म्हणून सर्जन कधी कधी मुद्दाम थोडा बाक ठेवतात. माझ्या बोटात तो अजून आहे, तरी आता हातमोजा चढतो.

रात्रीचा स्प्लिंट (बोट सरळ धरून ठेवणारा पट्टीचा आधार) मी कित्येक महिने लावला, कंटाळा आला तरी. आणि व्यायाम दोन्ही बोटांचा करा. माझं मधलं बोट, ज्याला काहीच झालं नव्हतं, तेच जास्त ताठरलं होतं.