भावाची मुलगी दत्तक घेऊन अमेरिकेत न्यायची असेल तर दत्तकपत्राची घाई नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघेही अमेरिकेचे नागरिक, राहायलाही तिथेच. सख्ख्या भावाची ९ वर्षांची मुलगी महाराष्ट्रात आहे. दिवाळीच्या सुट्टीत येऊन सब-रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र नोंदवायचं आणि मग व्हिसाच्या मागे लागायचं, असा बेत.

हा क्रम उलटा आहे, आणि एकदा उलटा झाला की सुलटा करणं फार अवघड. भारत आणि अमेरिका दोन्ही देश हेग दत्तक करारात (एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) आहेत. अमेरिकेत तो १ एप्रिल २००८ पासून लागू आहे. अमेरिकेत राहणाऱ्या नागरिकाला भारतातलं मूल दत्तक घ्यायचं असेल तर यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) आधी आय-८००ए अर्ज (पालक म्हणून तुम्ही योग्य का), मग आय-८०० अर्ज (हे मूल पात्र का) भरावा लागतो. आय-८००ला तात्पुरती मंजुरी मिळाल्यावरच दत्तकविधान. आधी दत्तक घेतलंत तर आय-८०० नामंजूर होतो. 'मग दत्तक रद्द करून नव्याने सुरुवात करू' म्हणाल, तर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ चं कलम १५ आडवं येतं: वैध दत्तक दत्तक आईवडिलांना रद्द करता येत नाही. म्हणजे मुलगी कायद्याने तुमची, पण व्हिसा नाही.

याहून मोठी अडचण पात्रतेची आहे आणि ती लोकांच्या लक्षात फार उशिरा येते. जन्मदाते दोघेही हयात असतील तर ते मुलीचा नीट सांभाळ करायला असमर्थ आहेत, हे भारतातल्या परिस्थितीच्या मापाने यूएससीआयएसपुढे सिद्ध करावं लागतं. भावाची नोकरी चालू आहे, घर आहे आणि 'दादाला मूल नाही म्हणून देतोय' एवढंच कारण असेल, तर भारतात संमती पुरेल, अमेरिकेत अर्ज पडेल. गंभीर आजार, अपंगत्व, उत्पन्नाचं साधन नसणं असं काही खरोखर असेल तर वैद्यकीय आणि उत्पन्नाचे कागद आधी जमवा. नसेल तर रचू नका. खोटेपणा उघड झाला की पुढचे अर्जही संशयात सापडतात. मृत्यूमुळे एकच पालक उरला असेल तर असमर्थतेची अट नाही. त्याची मागे न घेता येणारी लेखी संमती लागते. संमतीच्या बदल्यात पैसे देणं कुठल्याही मार्गात चालत नाही.

नातं कुठलं, हेही तपासा. बालन्याय कायदा, २०१५ मध्ये दत्तकासाठी 'नातेवाईक' म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. तुम्ही यात बसता. चुलत किंवा मामेभावाचं मूल बसत नाही.

ही पात्रता जमत असेल तर पुढचं काम रेटून नेण्याचं आहे. नात्यातलं दत्तक असलं तरी अमेरिकेत मान्यताप्राप्त एजन्सी लागते. होम स्टडी (तुमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी करून केलेला अहवाल) यूएससीआयएसला देताना ६ महिन्यांपेक्षा जुनी नको. आय-८००एची मंजुरी १५ महिने टिकते. कागदांच्या घोळात ती संपू देऊ नका. भारतात कारा (दत्तकाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) हिच्या कारिंग्ज पोर्टलवर नोंदणी, मुलगी ५ वर्षांवरची म्हणून तिचीही संमती, कारा आणि अमेरिकी वकिलातीतली करारानुसारची पत्रं, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश (१ सप्टेंबर २०२२ पासून हे काम न्यायालयाकडे नाही) आणि शेवटी काराचं हेग कराराच्या कलम २३ खालचं प्रमाणपत्र. दत्तक भारतात पूर्ण झालं की मुलीला आयएच-३ व्हिसा. १८ वर्षांच्या आत, तुमच्यासोबत राहायला ती अमेरिकेत दाखल झाली की आपोआप नागरिक होते आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र वेगळा अर्ज न करता येतं. आपोआप नागरिकत्वाचा हा कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू आहे. आयएच-४ व्हिसावर (दत्तक अमेरिकेत पूर्ण करायचं असेल तेव्हाचा) आलेल्या मुलाला आधी ग्रीन कार्ड मिळतं. तिथे दत्तक पूर्ण झाल्यावर नागरिकत्व, आणि प्रमाणपत्र हवं तर एन-६०० हा वेगळा अर्ज.

दुसरा मार्ग आय-१३० या, नातेवाईकांना बोलावण्याच्या अर्जाचा. १६ वर्षांच्या आत दत्तक, शिवाय २ वर्षं कायदेशीर ताबा आणि २ वर्षं एकत्र राहणं. इथे जन्मदात्यांच्या असमर्थतेचा प्रश्न येत नाही. पण अमेरिकेत राहणाऱ्या नागरिकाला हेग देशातल्या मुलासाठी हा मार्ग बंद आहे. ती २ वर्षं तुम्ही तिच्यासोबत अमेरिकेबाहेर काढलीत तरच उघडतो. ताबा औपचारिक आदेशापासून किंवा दत्तकाच्या तारखेपासून मोजतात. नोटरीचं प्रतिज्ञापत्र धरत नाहीत. १९५६च्या कायद्याखाली मूल साधारणपणे १५ वर्षांच्या आतलं हवं, म्हणजे अमेरिकेच्या मर्यादेपेक्षा एक वर्ष कमी. ग्रीन कार्डवाल्यांना हेगची आडकाठी नाही, पण भारतात राहण्याआधी अमेरिकेत असतानाच री-एन्ट्री परमिटचा (लांब मुक्कामानंतर परत येण्याचा परवाना) अर्ज करावा लागतो, नाहीतर मुलीच्या नादात स्वतःचं कार्ड जायचं.

पर्यटक व्हिसावर आणून तिथल्या कोर्टात दत्तक घ्या, असं कुणी सुचवेल. राज्याचं कोर्ट देईलही, त्याला इमिग्रेशनशी देणंघेणं नसतं. पण यूएससीआयएस तिला भारतातच राहणारी धरतं आणि गाडी तिथेच अडते.

कागदांत सर्वाधिक घोळ नावांचा. आईचं माहेरचं नाव जन्मदाखल्यावर, सासरचं आधारवर. मुलीचं मधलं नाव आदेशानंतर बदलणार. नवा दाखला मिळाला तरी जुना जपून ठेवा, दोन्ही मागतात.

आणि संमतीवर सही होण्याआधी भावाला आणि वहिनींना एक स्पष्ट सांगा: दत्तकानंतर ही मुलगी मोठी होऊन जन्मदात्यांसाठी कधीच ग्रीन कार्डचा अर्ज करू शकणार नाही. तुम्ही भाऊ म्हणून भावासाठी एफ-४ (नागरिकांच्या भावंडांसाठीचा ग्रीन कार्डचा गट) खाली करू शकता, पण ती रांग भारतीयांसाठी दशकाहून लांब आहे.