नवा मोडेम घेण्याआधी घरातली टेलिफोनची वायर बघा

तुमचा प्रश्न वाचला. दुमजली घर, लँडलाइनवरचं ८ एमबीपीएसचं ब्रॉडबँड, प्रत्यक्षात मिळतात जेमतेम २, आणि फोनची बेल वाजली की नेट तुटतं. मोडेम बदलू का, असं विचारलंय. माझं ऐका, मोडेमवर एक रुपयाही घालू नका. बेल वाजताच नेट जातं, म्हणजे घरातला कुठला तरी फोन स्प्लिटर किंवा फिल्टरशिवाय (आवाज आणि नेट वेगळं करणाऱ्या छोट्या डबीशिवाय) थेट लाइनवर असण्याचीच शक्यता जास्त.

आपला आवाज टेलिफोनच्या तांब्याच्या दोन तारांच्या जोडीवरून ४ किलोहर्ट्झच्या आत जातो. एडीएसएल २+ चं, म्हणजे लँडलाइनवरच्या ब्रॉडबँडचं, नेट त्याच जोडीवर थेट २.२ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेलं असतं. फोनवर बोलताना जो खराब जॉइंट कधी जाणवतही नाही, तो नेटचा जीव घेतो. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे वापरात नसलेला पॅरलल, म्हणजे दुसऱ्या फोनसाठी त्याच लाइनला जोडलेला वायरचा फाटा. वरच्या खोलीतला फोन कधीच काढलेला असतो, वायर मात्र भिंतीवर तशीच. सिग्नल त्या मोकळ्या टोकापर्यंत जातो, तिथून उलटा फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये येऊन मिसळतो. वीस-पंचवीस मीटरचा फाटा असेल, तर एडीएसएल २+ च्या वरच्या पट्ट्यालाच दणका बसतो.

आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. कपाट सरकवलं तेव्हा मागे काळ्या टेपची एक गाठ दिसली. टेप सोडवली तर आत चार तारा नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या, तांबं हिरवट पडलेलं, बोट लावताच एक तार तुटून हातात आली. तिथून माडीवर गेलेला फाटा मी मुळापासून काढला आणि उरलेल्या वायरला नीट जॉइंट दिला. पावसाळ्यात दर संध्याकाळी तुटणारं नेट त्यानंतर टिकायला लागलं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. ब्राउझरमध्ये मोडेमच्या सेटिंगच्या पानावर जाऊन 'लाइन अ‍ॅटेन्युएशन' (वाटेत सिग्नल किती क्षीण झाला) आणि 'एसएनआर मार्जिन' (गोंगाटापेक्षा सिग्नल गरजेहून किती वर आहे) हे दोन आकडे लिहून घ्या, शेजारी डाउनस्ट्रीमचा, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या नेटचा, स्पीडही. मग खांबावरून येणारी बाहेरची ड्रॉप वायर घरात जिथे पहिल्यांदा येते, ती रोझेट (भिंतीवरची टेलिफोनची जोडणी-डबी) शोधा. तिथून पुढे घरात जाणाऱ्या सगळ्या वायरी सोडवा, मोडेम तिथेच लावा आणि तेच आकडे परत बघा. लॅपटॉप लॅन केबलनेच जोडा, वायफायवर तपासाल तर काहीच कळणार नाही. हात लावताना एक जपा: लाइनवर ४८ व्होल्ट असतात, पण बेल वाजताना त्याहून बराच मोठा एसी दाब येतो आणि चांगला झटका बसतो. उघड्या तारा बोटांनी धरू नका, आणि आभाळ गडगडत असेल तर हे काम उद्यावर टाका.

पहिल्या रोझेटवर स्पीड वाढला, तर दोष घरातला. मग स्प्लिटर तिथेच बसवा. 'लाइन'मध्ये बाहेरून आलेली वायर, 'फोन'मधून घरातले सगळे फोन, आणि 'मोडेम'मधून मोडेमपर्यंत एकच अखंड वायर. ती चपटी नको, पीळ असलेली घ्या. कॅट ५ लॅन केबलमधली एक जोडी उत्तम चालते. विजेच्या वायरींच्या केसिंगमधून ती नेऊ नका.

तिथेही स्पीड तेवढाच राहिला, तर मार्जिन बघा. ते ६ डेसिबलच्या खाली असेल आणि फोनवर खरखर येत असेल, तर लाइनमनला बोलवून ड्रॉप वायर आणि डीपीमधला (बाहेरच्या टेलिफोन पेटीतला) जॉइंट बदलून घ्या. 'नेट स्लो आहे' असं मोघम सांगू नका, हे आकडे दाखवा. अ‍ॅटेन्युएशनच ५५-६० डेसिबलच्या घरात असेल, तर एक्स्चेंज लांब आहे. अशा लाइनवर वायरिंगने नेट स्थिर होईल, पण ८ मिळणार नाहीत. गल्लीत फायबर आलं असेल तर सरळ ते घ्या.

दोन्ही जागचे आकडे इथे टाका, मी बघून सांगतो.