प्रागच्या पेत्रझिन मनोऱ्यावर पहिल्यांदा जाताना

अरे, सकाळची घाई अजिबात करू नकोस. जुनं शहर आणि व्ल्तावा नदी मनोऱ्याच्या पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन थेट डोळ्यांत. दुपार कलली की तेच ऊन पाठीशी येतं आणि खालची लाल कौलं अशी काही उजळतात, की बस! किल्ला उत्तरेला, त्याला कुठलीही वेळ चालते.

पायऱ्या २९९. चढायचा जिना वेगळा, उतरायचा वेगळा, त्यामुळे धक्काबुक्की नाही. आईबाबा सोबत असतील तर लिफ्ट आहे, पैसे जादा. वारा सुटला की वर किंचित हलल्यासारखं वाटतं. घाबरू नकोस, १८९१ पासून उभा आहे तो. आयफेलची धाकटी नक्कल म्हणतात, पण हा अष्टकोनी आहे (मला तर हाच जास्त आवडतो). आणि हो, पायऱ्यांआधी टेकडीही चढायचीय, बूट नीट घाल.